अम्मी-अब्बांचा पहिला मोबाईल गेम : कोणता निवडावा, कसा शिकवावा

नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. अकरा वाजले की गल्ल्यांमध्ये शुकशुकाट होतो. घरातले बुजुर्ग जोहरची नमाज पढून आले की असरपर्यंत उंबरठा ओलांडत नाहीत. कूलरसमोर बसायचे, कुणीतरी पाठवलेले व्हिडिओ एकामागून एक बघायचे, मध्येच डुलकी काढायची. मुलगा कामावर, सून कामात, नातवंडे आपापल्या फोनमध्ये.

अशा वेळी घरातल्या कुणाला तरी सुचते की दादींना एखादा गेम लावून द्यावा. नातू हौसेने स्वतःच्या आवडीचा गेम लावून देतो. दोन मिनिटांत गाडी कुठेतरी आपटते, पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी काहीतरी येते आणि दादी फोन परत देतात. “बेटा, हे माझ्याने नाही व्हायचं.” घरचेही मान्य करून टाकतात की या वयात हे जमत नाही. खरे तर गेमच चुकीचा निवडलेला असतो.

वयाचा प्रश्न एकदाच मिटवून टाकू. जपानच्या हामाको मोरी या आजींचा जन्म १९३० चा. पन्नाशी ओलांडल्यावर त्या व्हिडिओ गेम खेळायला लागल्या आणि २०२० मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी, गेम खेळणाऱ्या सर्वांत वयस्कर यूट्यूबर म्हणून त्यांचे नाव गिनीज बुकात नोंदले गेले. आपल्या अम्मींनी तितके करावे असे कुणी म्हणत नाही. आणि तसे पाहिले तर आपल्याकडचे बरेच अब्बाही अगदी कोरे नाहीत. २००३ मध्ये नोकिया ११०० आला, त्यात साप वाढवायचा खेळ होता. दुकानात गिऱ्हाईक नसताना तो किती जणांनी खेळला असेल, आठवून पाहा.

आधी विचारा, तुम्ही काय खेळायचात?

प्ले स्टोअर उघडण्याआधी अम्मी-अब्बांजवळ दहा मिनिटे बसा आणि विचारा की लहानपणी, तरुणपणी काय खेळायचात. उत्तरातूनच अर्धी निवड होते. कुणी चिंचोक्यांवर अष्टा-चंगा खेळलेले असते. कुणी मोहल्ल्यातल्या क्लबमध्ये रात्री उशिरापर्यंत कॅरम खेळलेले असते. उर्दू वाचणाऱ्या घरांत दिल्लीच्या ‘शमा’ मासिकातले अदबी मुअम्मे सोडवायचा नाद असलेली माणसे होती. त्यांना शब्दांचे कोडे द्या, ती रमतील. ज्यांनी आयुष्यभर दुकानाचा हिशेब ठेवला त्यांना आकड्यांचे खेळ चटकन कळतात. माझ्या अम्मींनी कधीच कुठला खेळ खेळला नव्हता, तसे त्यांनी ठणकावून सांगितले. पण डाळ निवडणे, कपड्यांच्या तुकड्यांतून रंग जुळवून रजई शिवणे यात त्यांचा हात कुणी धरत नाही. रंग लावायचा गेम त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

म्हणजे ओळखीच्या खेळापासून सुरुवात करायची. नियम आधीच माहीत असले की शिकायचे फक्त बोट चालवणे उरते. नियमही नवे आणि फोनही नवा, असे दोन्ही एकदम अंगावर टाकले की माणूस कंटाळतो.

बोट, डोळे आणि कान

तरुणांना न दिसणाऱ्या अडचणी इथे असतात. वयस्कर माणूस बटण दाबल्यासारखा पडदा दाबून धरतो. फोनला वाटते की काहीतरी वेगळे करायचे आहे, आणि भलताच मेन्यू उघडतो. अम्मी घाबरतात, “काही बिघडलं का?” याला उपाय आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा विभाग असतो. तिथे दाबून धरण्याची वेळ वाढवता येते. ती लांब करून ठेवा. अक्षरांचा आणि पडद्यावरच्या चित्रांचा आकारही सेटिंगमधूनच मोठा होतो. आयफोनमध्येही ॲक्सेसिबिलिटीत स्पर्शाच्या अशाच सोयी आहेत.

उतारवयात बोटांची टोके कोरडी पडतात आणि पडदा स्पर्श ओळखत नाही. आपल्याला वाटते अम्मींना जमत नाही. हात धुऊन पुसल्यावर किंवा जरासे व्हॅसलीन चोळून पुसून घेतल्यावर तोच फोन व्यवस्थित चालतो. जाड काच लावलेली असेल तर तीही एकदा काढून पाहा.

मोतीबिंदू असेल तर रंग फिके दिसतात, निळा-जांभळा यांतला फरक कळत नाही. रंगांचा गेम घेताना रंगासोबत आकारही वेगळे आहेत का ते बघा. काही गेममध्ये तशी सोय सेटिंगमध्ये असते. वाचायचा चष्मा लावूनच खेळायला बसवा, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगते.

आवाज मी बंदच ठेवायला सांगेन. बऱ्याच बुजुर्गांना म्युझिक पसंत नसते, आणि त्या टणटणाटात अजान ऐकू येत नाही. जवळपास प्रत्येक गेमच्या सेटिंगमध्ये म्युझिक आणि आवाज वेगवेगळे बंद होतात.

शक्य असेल तर आठ-दहा इंची टॅब्लेट फोनपेक्षा कितीतरी सोपा पडतो. तो हातात धरून बसू नये, मनगट दुखते. तक्क्याला टेकवा किंवा साधा स्टँड घ्या. (रेहल रिकामी दिसली म्हणून त्यावर ठेवू नका. आमच्या घरी एकदा झाले आहे. दुसऱ्यांदा होणार नाही.)

भाषेचे काय?

आपल्याकडे असे अनेक बुजुर्ग आहेत जे उर्दू सहज वाचतात, मराठी पाटी वाचता येते, पण इंग्रजीत अडतात. बहुतेक गेम इंग्रजीत. त्यामुळे पहिला गेम असा हवा की ज्यात वाचायची गरजच पडत नाही. लावण्यापूर्वी तुम्ही स्वतः पंधरा मिनिटे खेळून पाहा आणि मोजा, किती वेळा इंग्रजी वाचावे लागले. तीनपेक्षा जास्त वेळा लागले तर तो गेम बाजूला ठेवा.

तसाच वेळेचा. पडद्यावर घड्याळ उलटे धावत असेल तर तो गेम पहिल्या महिन्यात नको. विचार करायला वेळ मिळाला तर वयस्कर माणूस उत्तम खेळतो. घाई झाली की हात थरथरतो आणि उगाच हरल्यासारखे वाटते.

काही गेम, ज्यांची नावे माहीत असावीत

लूडो किंगचे नाव सगळ्यांनी ऐकले आहे. तो आपल्या महाराष्ट्रातला आहे. नवी मुंबईतल्या विकाश जयस्वाल यांच्या कंपनीने तो २०१६ मध्ये आणला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो घरोघरी पोचला. इंटरनेट नसतानाही फोनशी खेळता येतो, एकाच फोनवर आळीपाळीने खेळता येतो, आणि खोलीचा कोड पाठवून पुण्यातल्या किंवा दुबईतल्या नातवाबरोबरही खेळता येतो. सोंगटी मोठी, नियम पाठ. जाहिराती मात्र भरपूर. फाशाबद्दल पुढे लिहिले आहे, ते वाचून मगच ठरवा.

पाण्याचे रंग वेगळे करायचे गेम ‘वॉटर सॉर्ट’ या नावाने मिळतात. काचेच्या नळ्या, त्यात रंगीत पाण्याचे थर, एकीतून दुसरीत ओतून एक रंग एका नळीत आणायचा. शब्द जवळपास नाहीत, एका बोटाने दोन वेळा टॅप केले की झाले. ज्यांनी कधीच काही खेळलेले नाही त्यांच्यासाठी याहून सोपी सुरुवात मला माहीत नाही. एकाच नावाचे बरेच असतात. दोन-तीन लावून बघा, कमी जाहिरातींचा ठेवा.

चित्र जुळवायचे कोडे, म्हणजे जिगसॉ, हाही चांगला. काही ॲपमध्ये आपल्या फोनमधला फोटो टाकता येतो. नातवंडांचा फोटो टाकला तर अम्मी खुश होतील, पण ज्या घरी जिवंत माणसांची चित्रे नको असतात तिथे फुलांचे, मशिदीचे किंवा फुटाळा तलावाचे टाका. सुरुवात बारा तुकड्यांपासून करा, शंभर नको.

आकड्यांत रस असेल तर सुडोकू आणि ‘२०४८’. सुडोकू वर्तमानपत्रात सोडवणारे अब्बा फोनवर लगेच रुळतात. ‘२०४८’ हा इटलीच्या गाब्रिएले चिरुल्ली या तरुणाने २०१४ मध्ये बनवून फुकट खुला केलेला गेम आहे. दोन आणि दोन चार, चार आणि चार आठ असे करत जायचे. बोट फक्त चार दिशांना सरकवायचे. घड्याळ नाही.

कॅरमचे गेम दिसायला छान असतात, पण स्ट्रायकर ओढून नेमका कोन धरायला बोट स्थिर लागते. ज्यांचा हात थरथरतो त्यांना त्रास होतो, आणि खऱ्या कॅरमवर पटाईत असलेल्या माणसाला तर फारच चिडचिड होते.

कँडी क्रश (२०१२ चा) रंगीत आहे, शिकायला सोपा आहे, पण पुढे मुद्दाम अवघड होत जातो. त्यात पाच ‘जीव’ मिळतात, संपले की एक परत यायला अर्धा तास. नाहीतर पैसे द्या. हा ‘जीव’ संपण्याचा प्रकार ज्या कोणत्या गेममध्ये असेल तो अम्मींना देऊ नका.

पत्त्यांबद्दल थोडक्यात. कॉम्प्युटरवरचा सॉलिटेअर १९९० पासून विंडोजमध्ये आहे आणि एकट्याने खेळायला चांगला आहे, पण अनेक घरांत पत्ते म्हटले की जुगारच आठवतो. तिथे हट्ट करू नये.

आणि बुद्धिबळ. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा कित्येक घरांत जुना पट बाहेर निघाला. फोनवर खेळायचे तर लिचेस हे ॲप पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत, काही विकत घ्या असे ते सांगत नाही. फोनशी खेळताना सोप्यापासून अवघडपर्यंत आठ पायऱ्या आहेत, पहिलीपासून सुरू करा. त्यातली सर्वांत चांगली सोय म्हणजे एका चालीला काही दिवस घेता येतात. अब्बांनी फजरनंतर एक चाल करायची, हैदराबादच्या नातवाने रात्री उत्तर द्यायचे. डाव महिनाभर चालतो आणि रोज फोन करायला एक कारण मिळते.

फासा, शतरंज आणि घरातल्यांची तबियत

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण अम्मी तो विचारणारच. पैसे लावून खेळणे हराम आहे यात कुणाचे दुमत नाही. सूरह माइदाची ९० वी आणि ९१ वी आयत सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न बिनपैशाच्या खेळाचा आहे. फाशांच्या ‘नर्द’ या खेळाबद्दल सहीह मुस्लिममध्ये सक्त हदीस आहे. लूडोही फाशावर चालतो, म्हणून काही उलमा तो मना करतात, तर काही म्हणतात की पैज नसेल आणि नमाज सुटत नसेल तर हरकत नाही. शतरंजबाबत हनफी फिकहची भूमिका कडक आहे. शाफई फिकहमध्ये अटींसह नरमाई आहे, त्यामुळे कोकणातल्या घरात आणि नागपूरच्या घरात वेगळे उत्तर मिळू शकते.

मी आलिमा नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारा आणि अम्मींना जे पटेल तेच लावा. त्यांना मनातून खटकत असलेला गेम लावून दिला तर त्या लपून खेळतील किंवा खेळणारच नाहीत. फासा आणि पट दोन्ही टाळायचे तर रंग, चित्र, आकडे, शब्द असे कितीतरी खेळ उरतात.

‘इस्लामी क्विझ’ नावाची ॲप पाहून भुलू नका. प्रश्न कुणी तयार केले ते बहुतेक ठिकाणी लिहिलेले नसते, आणि आयतीच्या पाठोपाठ भलतीसलती जाहिरात येते. लावण्याआधी स्वतः तपासा.

पैशाचे सापळे

सगळ्यात जास्त जपायचे ते इथे. गेम फुकट असतो म्हणजे तो जाहिरातींवर आणि आतल्या विक्रीवर चालतो. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखालीच लिहिलेले असते की यात जाहिराती आहेत, यात खरेदी आहे. ते आधी वाचा.

आमच्या घरचा किस्सा सांगते. खेळता खेळता पडद्यावर आले की फोनमध्ये व्हायरस आहे, इथे दाबा. अम्मींनी इमानदारीने दाबले. कुठलेसे ‘क्लीनर’ ॲप आले आणि त्यानंतर फोन उघडला की जाहिरात. दोन दिवस त्यांनी कुणाला सांगितले नाही, कारण त्यांना वाटले त्यांच्याच हातून फोन खराब झाला. ते दोन दिवस मला जास्त लागले.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे की गेमचा फोन वेगळा. घरात मुलांचा जुना फोन पडलेला असतो. तो पूर्ण पुसून घ्या, सिम नको, बँकेचे ॲप नको, यूपीआय नको, कार्ड जोडलेले नको. त्यात फक्त तीन-चार गेम ठेवा. मग अम्मींनी काहीही दाबले तरी पैसे जायला रस्ताच नाही. वेगळा फोन शक्य नसेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय चालू करा, आणि तो ठसा तुमचा ठेवा. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ची यादी असते. महिन्यातून एकदा ती बघा, ‘तीन दिवस फुकट’ म्हणून सुरू झालेली वर्गणी तिथे सापडते.

इंटरनेटशिवाय चालणारा गेम असेल तर डेटा आणि वायफाय बंद करून खेळायला द्या, बहुतेक जाहिराती आपोआप थांबतात. नेहमीच्या फोनवर फ्लाइट मोड मात्र लावू नका. मुलीचा फोन यायचा आणि लागायचा नाही.

‘खेळा आणि जिंका’ म्हणणारे काहीही नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्या पैशाच्या व्यवहारांवर केंद्र सरकारने कायद्याने बंदी आणली आहे. त्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. तरीही बाहेरदेशची ॲप लिंक पाठवतात. अम्मी-अब्बांना एक वाक्य पाठ करवून घ्या: पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. कुणी पिन, ओटीपी किंवा फोनचा पडदा दाखवायला सांगितले की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. आणि घरात कुणी ओरडू नका. ओरड्याच्या भीतीने बुजुर्ग गप्प बसतात.

अनोळखी माणसांबरोबर खेळायची आणि गप्पांची सोय सुरुवातीलाच बंद करा.

मेंदू तल्लख होतो का?

‘रोज दहा मिनिटे खेळा, विसराळूपणा जाईल’ अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. अमेरिकेत ल्युमॉसिटी या ॲपच्या कंपनीला अशाच दाव्यांमुळे २०१६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २० लाख डॉलर भरावे लागले. गेमने दुपार बरी जाते, बोलायला विषय मिळतो, एवढे पुरेसे आहे. अब्बा ओळखीचा रस्ता विसरत असतील, औषध घेतले की नाही हे आठवत नसेल, तर गेम लावून देऊ नका. त्यांना मेडिकलला किंवा आपल्या डॉक्टरकडे घेऊन जा.

शिकवताना

वर्गातली एक सवय इथे कामी येते. मुलाच्या हातातला खडू आपण घेतला की मूल शिकत नाही. अम्मींच्या हातातला फोन घेऊ नका. “आण, मी दाखवते” म्हणून आपण चार टॅप करतो तेव्हा त्यांना फक्त आपले बोट दिसते. आपले हात मागे ठेवा आणि तोंडाने सांगा. “ही लाल नळी आहे ना, तिच्यावर बोट टेकवा. हळूच. आता त्या रिकामीवर.”

पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरे. एक गोष्ट सर्वांत आधी शिकवा, बाहेर कसे पडायचे. काहीही झाले तरी होमचे बटण दाबले की सगळे ठीक होते, हे कळले की निम्मी भीती जाते. जाहिरातीच्या कोपऱ्यातली बारीक फुली दुसऱ्या दिवशी शिकवा. ती कधी उजवीकडे असते, कधी डावीकडे, कधी पाच सेकंदांनी येते. तिला शोधणे हाच मुळात एक गेम आहे. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय असते, ती लावली तर चुकून दुसरीकडे जाणे होत नाही. मात्र पिन असताना होमचे बटण चालत नाही, म्हणून सुरुवातीला ती न लावलेली बरी.

चिन्ह होम स्क्रीनवर एकटे ठेवा, गर्दीत नको. उर्दू वाचणाऱ्यांसाठी कागदावर तीन ओळी उर्दूत मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा. हे काम नातवंडांना सांगा. त्या निमित्ताने त्यांचे उर्दूही सुधारते.

“दादी, इतकंसुद्धा येत नाही?” हे वाक्य घरात बंद. हरले तर हसायचे, पण त्यांनी आधी हसल्यावर.

किती वेळ खेळायचे हे त्यांनाच ठरवू द्या. त्या लहान मूल नाहीत. मान खाली घालून तासभर बसल्या तर मान धरते, म्हणून मध्ये उठून पाणी प्यायची आठवण द्या. नागपूरच्या उन्हाळ्यात ते तसेही हवेच.

आणि नाही आवडला तर काढून टाका, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या अम्मींनी पहिले तीन गेम नापसंत केले. एकाचे चित्र भडक, एकात फार बोलतात, तिसरा “बच्चों का” म्हणून. चौथा पाण्याच्या रंगांचा. सध्या त्या दोनशेच्या पुढच्या पायरीवर आहेत, अडल्या की मला फोन न दाखवता शेजारच्या खालांना दाखवतात, आणि असरच्या अजानपर्यंत दोघींची त्यावर चर्चा चालते.